चतकोर गोळी

हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण ह्यात चूक माझी पण आहे, आणि मी फार्मासिस्ट असल्यामुळे जरा जास्तच माझी आहे. सिडकोत आमचं मेडिकल आहे, मी आणि नवरा मिळून चालवतो, राहायला पंचवटीत सासऱ्यांनी बांधलेल्या घरात. गोळे कॉलनीतून माल आणायचा, सकाळी साडेनऊला शटर वर, रात्री साडेदहाला खाली, आणि घरी येताना पर्समध्ये आईंची (म्हणजे सासूबाईंची) स्ट्रिप. अल्प्राझोलम ०.५ मिलिग्रॅम, झोपेची गोळी. नऊ वर्षं.

सासरे गेले तेव्हा आई तेरा दिवस झोपल्याच नाहीत. कोणीतरी म्हटलं डॉक्टरांना दाखवा, त्यांनी लिहून दिलं रात्री एक गोळी, पंधरा दिवस. त्या रात्री आई झोपल्या आणि आख्ख्या घराने सुटकेचा श्वास टाकला. पंधरा दिवसांनी काय करायचं हे त्या कागदावर नव्हतं आणि कोणी विचारलं पण नाही. पुढे दुपारी छातीत धडधड होते म्हणून ०.२५ची एक वाढली. चिठ्ठी दर काही महिन्यांनी एका ओळखीच्या डॉक्टरांकडून नवी करून यायची, ते पेशंट न बघताच लिहून द्यायचे, मी रजिस्टरला नोंद करायचे. अल्प्राझोलम शेड्यूल एच-वन ह्या सरकारी यादीतलं औषध आहे, १ मार्च २०१४ पासून हा नियम लागू झाला, पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध किती दिलं सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. तर कागदावर आमचं सगळं एकदम चोख होतं. नऊ वर्षं चोख.

मागच्या वर्षी जानेवारीत, नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये, पहाटे तीनला आई बाथरूमला उठल्या आणि पडल्या. मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालता घालता सहज विचारलं, रात्री झोपेचं काही घेतात का ह्या? मी हो म्हटलं आणि किती वर्षं ते सांगताना माझाच आवाज बारीक झाला. म्हातारपणी ह्या गोळ्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत, तोल जातो, पडणं आणि हाड मोडणं वाढतं, विसरायला होतं, हे सगळं मी कॉलेजात शिकलेले, काउंटरवर दुसऱ्यांना सांगितलेलं. आई गॅस चालू विसरायच्या तेव्हा आम्ही म्हणायचो वय झालं.

घरी आल्यावर नवऱ्याने एकदम फर्मान काढलं. बंद म्हणजे बंद. स्ट्रिप उचलून दुकानात नेली. आणि मी, जिला कळायला पाहिजे होतं, ती प्लास्टर, दुकान, मुलीची परीक्षा ह्या गडबडीत म्हणाले बघू दोन दिवस.

पहिली रात्र जागून गेली. दुसऱ्या दिवशी घाम, जानेवारीत घाम, हात इतके थरथरत होते की चहा बशीत सांडत होता. तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तर आई कानावर हात दाबून खाली बसल्या, म्हणे डोक्यात खिळा मारल्यासारखं होतंय. ट्यूबलाइट सहन होईना. संध्याकाळी मला म्हणाल्या, "अगं, मला वेड लागतंय का गं?" तेव्हा माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला आणि तशीच रिक्षा करून त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले.

त्या डॉक्टरांनी आईंशी अत्यंत गोड बोलून मग आम्हा दोघांना बाहेर नेऊन जे झापलंय ना. झटका आला असता, म्हणाले. फिट. वर्षानुवर्षं घेतलेली अशी गोळी अचानक तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस जाऊ पण शकतो. आणि मग त्यांनी जे केलं ते नवऱ्याला अजिबात झेपलं नाही, त्यांनी गोळी परत सुरू केली. जेवढी होती तेवढीच, दिवसाला ०.७५. म्हणाले आधी दोन-तीन आठवडे गाडी सपाट रस्त्यावर येऊ दे, मग घाट उतरू.

घाटाचं त्यांनी नंतर नीट समजावलं आणि मला ते इतकं पटलं की आता मी दुकानात पण तसंच सांगते. आपल्या मेंदूला स्वतःचा ब्रेक असतो, गाबा म्हणतात त्या रसायनाचा. ही गोळी त्या ब्रेकवर वरून अजून एक पाय ठेवते. पहिले काही दिवस मस्त, पण महिनोनमहिने दुसरंच कोणी ब्रेक दाबतंय म्हटल्यावर मेंदू स्वतःचा पाय काढून घेतो, म्हणूनच तीच गोळी हळूहळू कमी पडायला लागते. आता अशात कसारा घाट उतरताना वरचा पाय एकदम उचलला तर काय होईल. गाडी सुसाट. ती थरथर, तो घाम, तो शिट्टीचा खिळा म्हणजे ती सुसाट गाडी. मेंदूला स्वतःचा पाय परत ब्रेकवर ठेवायला वेळ लागतो आणि तो किती लागेल हे कोणालाच, अगदी डॉक्टरला पण, आधी सांगता येत नाही.

हे काही नवीन ज्ञान नाही बरं का. ह्या जातीची (बेन्झोडायझेपिन म्हणतात) पहिली गोळी, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली बाजारात आली, डायझेपाम १९६३ला. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हेदर अ‍ॅश्टन नावाच्या प्राध्यापक बाईंनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं फक्त ह्या गोळ्या सोडवायचं क्लिनिक चालवलं. त्यांचं म्हणणं एकच, हळू, आणि पेशंट ठरवेल त्या वेगाने. अमेरिकेच्या औषध खात्याने तर २०२० साली ह्या सगळ्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा वाढवला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतली तरी काही दिवस ते काही आठवड्यांत शरीराला सवय लागू शकते. म्हणजे आपण चोरून घेतोय, जास्त घेतोय असं काही लागतच नाही.

ह्यावरून एक आठवलं. आमच्या शेजारच्या काकू, मनाने चांगल्या आहेत, पण आईंसमोर बोलून गेल्या की व्यसनमुक्ती केंद्रात टाका ना पंधरा दिवस. आई काही बोलल्या नाहीत, रात्री देवघरापाशी बसून रडल्या. ज्या बाईने आयुष्यात चहा सोडून कशाला हात लावला नाही तिला व्यसनी म्हणायचं? मला त्या दिवशी काकूंचा इतका राग आला, आणि मग लक्षात आलं की नवरा पण तेच तर बोलत होता, "आई, मनाचा निग्रह पाहिजे, बस." निग्रहाचा काय संबंध. बीपीची गोळी घेणाऱ्याला आपण निग्रह ठेवा म्हणतो का. शरीर रुळलंय त्याला, ते परत दुसऱ्या रुळावर आणायचंय इतकंच.

तर फेब्रुवारीत सुरुवात झाली. गोळे कॉलनीतून मी एक पिल कटर आणला, प्लास्टिकची डबी आणि आत ब्लेड. डॉक्टरांनी ०.५ची गोळी बदलून सगळं ०.२५ मध्ये लिहून दिलं म्हणजे तुकडे करता येतील, आणि बजावलं की एसआर लिहिलेली, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर ती कधीच तोडायची नाही, सगळं औषध एकदम अंगात जातं. आधी दुपारची अर्धी केली. चार आठवड्यांनी दुपारची बंद. रंगपंचमीच्या आसपास आई दिवसाला ०.५ वर होत्या आणि रहाडीत (रंगाच्या जुन्या हौदात) उड्या मारून नखशिखांत रंगलेली पोरं दारात आली तेव्हा त्यांना ओरडायची ताकद त्यांच्यात आली होती, हे मी चांगलं लक्षण धरलं.

अमेरिकेत २०२५ मध्ये ह्यावर बऱ्याच संघटनांनी मिळून मार्गदर्शन काढलंय, त्यात म्हटलंय की दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करून बघा आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर जाऊच नका. वाचायला सोपं आहे. पण ०.२५च्या इवल्याशा गोळीचे ५ टक्के कसे कापणार, सोनाराकडे जायचं का? सराफ बाजार लांब नाही म्हणा. तर आमचं माप म्हणजे अर्धी आणि चतकोर. भाकरीसारखं. आईंनीच तो शब्द काढला, "आज एक, अर्धी नि चतकोर ना गं?" चतकोर कधी मोठा यायचा कधी भुगा व्हायचा, मग तो भुगा बोट ओलं करून.

आता जी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली ती सांगते. उन्हाळ्यात मी एकदम जोशात होते. मोबाइलमध्ये तक्ता केला होता, अमुक तारखेला इतकं, जुलैअखेर इतकं, दिवाळीला शून्य. नवरा पण खूश, टार्गेट मिळालं की तो खूश असतो. आणि आईंची मात्र मे महिन्यात परत झोप उडाली, पाय आत ओढल्यासारखे व्हायला लागले, जेवण कमी. मी म्हणत होते रेटू या, तक्त्याप्रमाणे पुढची कपात सोमवारी. डॉक्टरांनी तक्ता बघितला, मोबाइल मला परत दिला आणि आईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" आई म्हणाल्या, "ह्या महिन्यात नको. आंबे संपू देत." डॉक्टर म्हणाले ठीक, आंबे संपू देत. मला हसावं का रडावं कळेना. पण त्यानंतर कालनिर्णय आईंच्या हातात गेलं. त्या स्वतः पेन्सिलीने फुली मारायच्या, कपात कधी, थांबायचं कधी. मागे जायचं नाही, थांबायचं मात्र वाट्टेल तेवढं, इतकाच करार. आषाढीला एक पायरी उतरल्या, श्रावणात एक, गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं म्हणून थांबल्या. माझा तक्ता मी डिलीट केला.

झोपेचं पण एक गंमतशीर गणित निघालं. आई मालिका संपली की साडेआठ-नऊला आडव्या व्हायच्या आणि पहाटे तीनला डोळा उघडला की म्हणायच्या, झोप नाही. अहो पण सत्तरीत माणूस झोपतो किती, सहा तास झाले की तीन वाजणारच ना! शिवाय दुपारी दीड तास आणि पाचला चहा. डॉक्टरांनी अंथरुणावर जायची वेळच बदलली, अकराच्या आधी आडवं व्हायचं नाही, पाचला उठायचंच, दुपारी वीस मिनिटं खुर्चीत. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून बाहेर बसायचं, तळमळत पडायचं नाही. पहिले दोन आठवडे आईंनी मला शिव्या द्यायच्या बाकी ठेवल्या. अकरापर्यंत करू काय मी? मग दुकानाच्या थैल्यांवर शिक्के मारायला बसवलं, मग भजनाची वही उतरवून काढायला लागल्या. पहाटे मात्र गोदाघाटावर चक्कर सुरू झाली, कितीही थंडी असो, आणि उजेड आणि चालणं ह्यांचा झोपेशी जो संबंध आहे तो कुठल्याही गोळीपेक्षा जास्त काम करून गेला असं माझं मत, डॉक्टर म्हणाले दोन्ही मिळून.

पितृपक्षात सासऱ्यांच्या तिथीच्या आदल्या दिवशी मी देवघर आवरायला घेतलं आणि कुंकवाच्या जुन्या डब्याखाली एक अख्खी स्ट्रिप सापडली. ०.५ची. जुनी, म्हणजे आम्ही सुरू करायच्या आधीपासून लपवलेली. मी काय सांगू, माझं टाळकंच सरकलं, आठ महिने मी भुगा मोजतेय आणि ह्या? मोजल्या. दहाच्या दहा होत्या. एकही कमी नाही. तरी मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, "एकही घेतली नाही ना? मग ठेवा परत होती तिथे. ती तिथे आहे म्हणून त्यांना धीर आहे." घरात लहान मूल असतं तर वेगळं बोललो असतो, हे पण म्हणाले. मी ठेवली परत. आईंना अजून माहिती नाही की मला माहिती आहे. (मुलीने हे वाचलं तर कळेल आता. तिने गप्प बसावं.)

दिवाळीपर्यंत आई ०.१२५ वर आल्या, म्हणजे ०.२५ची अर्धी. आम्हाला वाटलं झालंच. आणि खरी चढाई तिथे होती. कारण बघा, ०.७५ मधून अर्ध्या गोळीची कपात म्हणजे सहावा हिस्सा, पण ०.१२५ मधून चतकोर काढला तर थेट निम्मं गेलं. शेवटचे तुकडे दिसायला बारीक, मेंदूला मात्र तेच जड जातात. आईंनी चतकोर करून बघितला आणि चौथ्या दिवशी परत धडधड. इथे डॉक्टरांनी औषधच बदललं, अल्प्राझोलम लवकर उतरतं, साधारण अर्ध्या दिवसात त्याचा जोर निम्मा होतो आणि मधल्या वेळात शरीर मागणी करतं, डायझेपाम मात्र दिवसेंदिवस अंगात रेंगाळतं आणि हळूहळू ओसरतं, त्यामुळे उतार मऊ मिळतो. म्हाताऱ्या माणसात हेच रेंगाळणं त्रासाचं पण ठरू शकतं, साठत जातं, म्हणून त्यांनी डोस अगदी कमी ठेवला आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याला बोलावलं. २ मिलिग्रॅमची गोळी, मग दीड, मग एक, मग अर्धा. हा हिशोब घरी करायचा नाही हं, ह्या गोळीचे इतके म्हणजे त्या गोळीचे इतके हे गणित माणसागणिक बदलतं, आणि ज्याला फिटचा त्रास आहे किंवा जो रोज दारू घेतो त्याने तर घरी कपात सुरूच करू नये.

एप्रिलमध्ये रामनवमी झाल्यावर एका रात्री आईंनी अर्ध्या मिलिग्रॅमचा तो तुकडा बघितला आणि म्हणाल्या, "हा काय, मुंगीला पुरणार नाही." आणि नाही घेतला. मी जागी राहिले, त्या झोपल्या. पंधरा महिने लागले.

ह्या सगळ्यात माझ्यात जो बदल झाला तो काउंटरवर. कॅनडात क्यूबेकला एक प्रयोग झाला होता, निकाल २०१४ मध्ये आला, औषध दुकानांमार्फतच केलेला, तीस दुकानं. झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या म्हाताऱ्यांना एक साधं माहितीपत्रक दिलं, ह्या गोळ्यांनी काय होतं, हळूहळू कशी कमी करतात, डॉक्टरांशी बोला. सहा महिन्यांत २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली, ज्यांना पत्रक दिलं नव्हतं त्यांच्यात ५ टक्के. एका कागदाने! आणि मी सतरा वर्षं स्ट्रिप कापून देत होते, सुट्टे पैसे नाहीत म्हणून चॉकलेट देत होते, पण हा प्रश्न विचारत नव्हते की काका, ही कधीपासून चालू आहे?

आता विचारते. सगळे खूश होत नाहीत. प्रेसमधून रिटायर झालेले एक काका आहेत, झोपेसाठी झोलपिडेम घेतात, म्हणाले, "मॅडम तुम्हाला धंदा करायचाय का प्रवचन?" आणि दोन महिने दुसरीकडून घेतली. एक बाई कंबरेसाठी ट्रॅमाडॉल तीन वर्षं घेत होत्या, त्या मात्र तिथेच स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, एक दिवस चुकली की अंगावर काटा येतो, नाक गळतं, मला वाटलं सर्दी आहे. ती सर्दी नव्हती. त्यांना सांगितलं की ज्यांनी लिहून दिली त्यांनाच जाऊन सांगा, मनाने बंद करू नका, माझ्याकडून एवढंच होऊ शकतं, डोस मी बदलू शकत नाही. ज्यांना कुठे जायचं कळत नाही त्यांना टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून देते, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

नवरा म्हणतो ह्या गोळ्यांचा खप कमी झालाय. झालाय थोडा. मी म्हटलं पिल कटरचा वाढलाय.

आणि आईंच्या भजनी मंडळात कळलं की आणखी तिघी घेतात. तिघी! एकमेकींना माहिती नाही. आईंनी स्वतःहून सांगितल्यावर एकेक बोलायला लागली. त्यातल्या एक मावशी दुकानात आल्या, बस बदलून, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून, "तुझ्या सासूला दिलं तसं मला पण कापून दे." मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. जातात नियमाने. सुरुवात जोरात झाली, पण आता निम्म्यावर येऊन चार महिने तिथेच आहेत, सून वैतागलीये, परवा मला फोन करून म्हणाली ह्यांचं पुढे सरकतच नाही हो काही, तुम्ही तरी सांगा. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आईंनी हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "अगं, तिच्या नातीचं लग्न आहे ना मार्गशीर्षात? मग थांबू दे की तिला."